आयलेस माश्या मोजताना या चुका टाळा

डोळे लहान किंवा नाहीसे झालेल्या ‘आयलेस’ फळमाश्यांच्या संकरात संततीतलं गुणोत्तर बिघडलं की बहुतेक वेळा जनुकाचा दोष नसतो, मोजणाऱ्याची घाई नडलेली असते. माशी मायक्रोस्कोपखाली जशी पडली तशी बघायची, वरच्या बाजूचा डोळा धड दिसला की ‘नॉर्मल’च्या ढिगात सारायची, पुढची घ्यायची. ही सवय मला मुळीच चालत नाही.

फळमाशीतलं आयलेस हे चौथ्या गुणसूत्रावरचं अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच दिसणारं) उत्परिवर्तन, १९१५ पासून माहीत असलेलं. पण ते ‘आहे किंवा नाही’ अशा हिशेबात बसत नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या दोन बहिणींपैकी एकीला डोळाच नसतो, तर दुसरीचा डावा पूर्ण आणि उजवा अर्धा असतो. काहींचे तर दोन्ही डोळे व्यवस्थित दिसतात.

एका विद्यार्थिनीला दुसऱ्या पिढीत एक चतुर्थांश आयलेस मिळायला हव्या होत्या, मिळाल्या जेमतेम एक दशांश. तिने अहवालात ‘आयलेस अळ्या मरत असाव्यात’ असं लिहूनही टाकलं. नशीब, माश्या अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या होत्या. त्या पुन्हा काढल्या आणि ‘नॉर्मल’च्या ढिगातली एकेक माशी ब्रशच्या टोकाने कुशीवर वळवून त्या विद्यार्थिनीला बघायला लावली. एका बाजूला गोल, भरीव डोळा. वळवल्यावर दुसऱ्या बाजूला कडा आत गेलेली, नेत्रिकांच्या (डोळा ज्यांनी बनतो त्या बारीक घटकांच्या) रांगा विस्कटलेल्या. अशा माश्यांवर माश्या निघत गेल्या. आकडा बराच वर आला, तरी पूर्ण चतुर्थांश झाला नाही. होणारही नव्हता, कारण दोन्ही डोळे चांगले असलेल्या आयलेस माश्या नुसत्या बघून ओळखता येत नाहीत. संशय असेल तर माशी जिवंत ठेवा आणि आयलेस स्टॉकशी (पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या आयलेस माश्यांशी) तिचा संकर लावून संतती बघा. माझा नेम एकच: उजवा, डावा, मग समोरून डोकं. त्याआधी कुठल्याही ढिगात टाकायची नाही.

दुसरी चूक याहून वाईट. ‘स्टॉकमध्ये बाहेरच्या माश्या शिरल्या’ म्हणून चांगला स्टॉक फेकून देणं. व्हायल (माश्या वाढवायची छोटी बाटली) नुसती आपटून माश्या पुढच्या व्हायलमध्ये ढकलत राहिलं की ज्यांचे डोळे बरे त्यांचीच पिल्लावळ वाढते. डोळा सावरणारी इतर जनुकं पिढ्यान् पिढ्या साचत जातात आणि एक दिवस सगळा स्टॉक निरोगी दिसू लागतो. उत्परिवर्तन मात्र जिथल्या तिथे असतं. अशा माश्यांचा सामान्य माश्यांशी संकर लावा, दुसऱ्या पिढीत लहान डोळे पुन्हा दिसतील. मी प्रत्येक बदलीला सर्वांत लहान डोळ्यांच्या माश्या हाताने निवडते. वेळ लागतो. ज्यांना तो द्यायचा नाही त्यांनी आयलेस सांभाळायला घेऊच नये.

‘व्हाइट’ हे डोळ्याचं दुसरं उत्परिवर्तन आणि आयलेस यांची गल्लत करू नका. व्हाइटमध्ये रंग जातो, डोळा तयार होतोच. आयलेस मात्र डोळ्याच्या घडणीच्याच मुळाशी आहे. १९९५ मध्ये जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक भलत्या जागी चालू केलं, तेव्हा माशीच्या पायांवर आणि पंखांवर डोळे उगवले.

‘बार’ या डोळा अरुंद करणाऱ्या उत्परिवर्तनावर काम करत असाल तर तापमानाची नोंद हवीच. उष्णता वाढली की नेत्रिका कमी होतात, त्यामुळे दोन वेगळ्या तापमानांतल्या माश्यांची तुलना व्यर्थ.

व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून मीलन न झालेल्या माद्यांच्या बाबतीत अंदाज चालत नाही. २५ अंशांना सकाळी व्हायलमधल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि त्यानंतर आठ तासांच्या आत कोशातून बाहेर पडलेल्याच माद्या घ्या. माद्या शुक्राणू साठवतात, एक चुकीची मादी सगळा संकर नासवते. पोटात गडद ठिपका दिसणारी ताजी मादी सर्वांत भरवशाची.

मोजण्यासाठी बेशुद्ध केलेल्या माश्या ओल्या खाद्यावर टाकू नका, चिकटून मरतात. शुद्धीवर येईपर्यंत व्हायल आडवी ठेवा.

पहिल्या दोन दिवसांच्या माश्या मोजून उठू नका, दुबळ्या माश्या उशिरा निघतात. मात्र २५ अंशांना संकर लावल्यापासून अठराव्या दिवसानंतर मोजणी बंद करा, पुढची पिढी मिसळायला लागते.