ट्रेलर नंतर बघा, आधी दाराच्या खांबावरचं स्टिकर

मागच्या खेपेला मी गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर आधी घेतला आणि आपल्या गाडीला तो झेपेल का, हे नंतर पाहिलं. तेही अर्धवटच. माहितीपत्रकात ‘३,५०० किलो ओढते’ असं ठळक छापलेलं, ट्रेलरचं भरलेलं वजन जास्तीत जास्त ३,००० किलो. पाचशे किलो शिल्लक, विषय संपला. पहिल्याच प्रवासात अंधार पडल्यावर समोरून येणारा जो तो मला डिपर मारायला लागला. मी आपला चिडून पुटपुटतोय, अरे लो बीमवरच आहे बाबा! थांबून खाली उतरलो तर गाडी मागून बसलेली, नाक वर, आणि हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर. स्टिअरिंग हलकं लागतंय याचं तोवर मला कौतुक वाटत होतं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला होता म्हणून ते हलकं होतं.

तेव्हा ट्रेलर ओढायला गाडी निवडताना तपासायच्या यादीतली पहिली गोष्ट म्हणजे पेलोड. चालकाचं दार उघडा, खांबावरचं स्टिकर शोधा. माणसं आणि सामान मिळून गाडीच्या अंगावर किती वजन चालेल, तो आकडा बऱ्याच गाड्यांवर तिथेच असतो. नसेल तर गाडीच्या एकूण वजनाच्या मर्यादेतून तिचं रिकामं वजन वजा करा. माहितीपत्रकातला पेलोड धरू नका. तो बहुतेक वेळा सगळ्यात साध्या व्हेरियंटचा असतो. सनरूफ, फोर बाय फोर, जाड सीटं या सगळ्यांचं वजन त्यातूनच कापलं जातं. शेजारच्याच्या त्याच मॉडेलवरचा आकडाही चालणार नाही.

ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, बसतो. नेहमीच्या बंपर-पुल (गाडीच्या मागच्या टोकाला जोडायच्या) ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर यावं लागतं, फिफ्थ व्हीलचं (पिकअपच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरचं) तर त्याहून जास्त, आणि ते सगळं पेलोडमध्ये मोजायचं. माझा हिशोब असा होता: स्टिकरवर ६२० किलो. ३,००० किलोच्या ट्रेलरचं हिचवर येणारं वजन ३७५. आम्ही चौघं २७५. इथेच ६५० झाले, अजून डिकी उघडलेलीही नाही! वर हिचचा सांगाडा ४०, हत्यारं, जनरेटर, खुर्च्या ११०. एकूण ८००. म्हणजे १८० किलो जादा, आणि माहितीपत्रकाप्रमाणे मात्र मी ‘मर्यादेत’. अमेरिकेतल्या एसएई जे२८०७ मानकानुसार ओढण्याची क्षमता ठरवताना गाडीत चालक आणि एकच प्रवासी धरतात, प्रत्येकी ६८ किलोचे. बायको, मुलं, कुत्रा, आईसबॉक्स त्या हिशोबात कुठेच नाहीत.

विक्रेते यावर म्हणतात, वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावा. लावाच. तो भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे सरकवतो, गाडी सपाट उभी राहते. पण स्टिकरवरचा आकडा त्यानं वाढत नाही. जाड स्प्रिंगा किंवा एअरबॅग बसवूनही वाढत नाही. गाडी दिसायला सरळ झाली, एवढंच.

मग हिचवरचं वजन कमीच ठेवू, सामान मागे ढकलू, असं डोक्यात येईल. माझ्याही आलं होतं. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं ते माहीत आहे ना? इथे त्याहून वाईट. हिचवर भार कमी पडला की ट्रेलर वेगात डुलायला लागतो आणि गाडीलाही डुलवतो. जड सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या जरा पुढेच हवं. युरोपातल्या हलक्या कॅरॅव्हॅनचा हिशोब निराळा, तिथे साधारण ५ ते ७ टक्के धरतात. पण तिथल्या बऱ्याच साध्या गाड्यांच्या टो-बॉलची (ट्रेलर ज्यावर बसतो त्या गोळ्याची) मर्यादाच ७५ ते १०० किलो असते. म्हणजे पेचातून सुटका नाहीच. हिचच्या रिसीव्हरवरही (गाडीखालच्या ज्या चौकोनी नळीत हिच बसतो तिच्यावरही) वेगळी मर्यादा कोरलेली असते. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच आपला.

ट्रेलरचं ड्राय वेट, म्हणजे कारखान्यातलं रिकामं वजन, विसरून जा. त्यात पाणी नाही, गादीवरच्या चादरी नाहीत, डबे-भांडी नाहीत. कधीकधी बॅटरी आणि गॅसच्या टाक्याही नसतात. १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले. हिशोब नेहमी ट्रेलरच्या जास्तीत जास्त वजनावर करायचा, कारण मोकळी कपाटं दिसली की माणूस ती भरतोच.

इंजिन: बहुतेक जण फक्त तेवढंच बघतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटर चढाईला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. घाटात चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी जास्त करा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक, गाडीत ते ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर, आणि ट्रेलर निसटला तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल, तिन्ही हवं. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जितका लांब तितकं बरं. आखूड गाडीमागे लांबलचक ट्रेलर लावू नका.

विकत घेण्याआधी जमलं तर, आणि घेतल्यावर तर नक्कीच, सगळी माणसं बसवून, टाकी भरून वजनकाट्यावर जा. गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं, मागच्या अ‍ॅक्सलचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं काढून घ्या. काट्यावरून मिळालेली माझी चिठ्ठी अजून गाडीच्या कप्प्यात आहे, मागच्या अ‍ॅक्सलच्या आकड्याभोवती पेनानं दोनदा गोल काढलेली.

बाकी राहिलेलं भराभर. टायरची हवा आणि वय; ट्रेलरच्या बऱ्याच टायरांना ताशी १०५ किलोमीटरचीच मर्यादा असते. गाडी-ट्रेलरला जोडणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्या हिचखाली एकमेकींना छेदून. रुंद आरसे. दिवे. लायसन्स, विमा. पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

आणि शोरूममध्ये कुणी ‘आरामात ओढेल हो’ म्हणालं, तर त्याला चालकाचं दार उघडायला सांगा.