चावताना सणकन कळ येते, एक्स-रेत मात्र काहीच नाही: दाढेला तडा गेला असेल तर काय करावं

चिवड्यातला शेंगदाणा दाढेखाली येतो आणि सणकन कळ जाते. पुढचा घास त्याच बाजूने खाल्ला तर काहीच होत नाही. आरशात कीड दिसत नाही, एक्स-रेत दोष सापडत नाही, डॉक्टर ‘सेन्सिटिव्हिटी असेल’ म्हणून एखादी टूथपेस्ट लिहून देतात. असं महिनोन् महिने चाललं असेल तर दाढेला तडा गेल्याची शक्यता जमेस धरा. हे दुखणं नवं नाही. कॅमेरॉन नावाच्या दंतवैद्यांनी १९६४ मध्येच त्याला स्वतंत्र नाव दिलं होतं. तरीही ते आजही निसटतं, कारण तडा सहसा दिसत नाही. तो रुग्णाच्या सांगण्यावरूनच पकडावा लागतो.

पहिलं काम: कळ नेमकी कधी येते ते पाहा

किडलेली दाढ बहुधा गोडाने, गार-गरमाने ठणकते, अन्न अडकलं की दुखते. तडा गेलेल्या दाढेची खूण वेगळी आहे. चावताना कळ येतेच, पण पुष्कळदा दाब सोडताना ती जास्त जोरात येते. ओंडक्यात पाचर ठोकली की चीर फाकते आणि पाचर काढली की मिटते, तसंच इथे होतं. दाताच्या आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. चीर उघडली-मिटली की तो द्रव हलतो आणि आतली नस कळवळते.

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन-चार दिवस हे टिपून ठेवा: कळ कोणत्या बाजूला येते, वरच्या दाढेत की खालच्या, चावताना की सोडताना, कोणत्या पदार्थाने. त्या बाजूच्या कोणत्या दाढेत जुनं फिलिंग आहे, कोणत्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, तेही लिहा. सगळ्यांत महत्त्वाची नोंद गार पाण्याची. गार लागल्यावर कळ दोन-तीन सेकंदांत विरली तर नस वाचण्याची आशा बरीच असते. अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळली, काही न खाता दुखायला लागलं किंवा दुखण्याने रात्री जाग आली, तर नसेला बऱ्यापैकी इजा झाली आहे असं समजावं. मुद्दाम सुपारी किंवा पेन चावून खात्री करून घेऊ नका. चीर पुढे सरकवायला तेवढा दाब पुरतो.

डॉक्टर भेटेपर्यंत

दुसऱ्या बाजूने खा, मऊ खा, फार गार-गरम टाळा. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा. चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवायची सवय काही घरांत अजून आहे. त्याने हिरडी भाजते, दाढेला काही फायदा होत नाही. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बरं वाटतं. पण लावलं असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्यातलं युजेनॉल दातांच्या रंगाचं फिलिंग नीट घट्ट होऊ देत नाही. मिश्री आणि तंबाखू दाढेत धरणं तर नकोच.

तुकडा तुटून हातात आला असेल तर थोड्या दुधात घालून सोबत न्या, कधी कधी तो परत चिकटवता येतो. गालावर सूज, ताप किंवा हिरडीतून पू असेल तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तोंड उघडेना, तर दवाखाना शोधत न बसता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

तपासणीत काय व्हायला हवं

एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे दाढ धड आहे, असं नाही. दाढेतली चीर बहुतेकदा पुढून मागे जाते, म्हणजे फिल्मला समांतर. त्यामुळे ती एक्स-रेत उमटतच नाही. तिचा शोध वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. प्लास्टिकची छोटी काडी दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला लावतात. जिथे सोडताना कळ येते तो उंचवटा संशयित. दाढेवर बाजूने प्रखर प्रकाश टाकला तर तो तड्यापाशी अडतो आणि पलीकडचा भाग काळसर दिसतो. कधी निळा रंग लावून चीर उठवतात, कधी जुनं फिलिंग काढूनच आत पाहावं लागतं. हिरडी आणि दाढ यांच्या फटीत बोथट सुई घालून खोली मोजतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी सुई खोल गेली, तर चीर मुळापर्यंत पोचल्याची शंका येते. यातलं काहीच न करता ‘काही नाही’ असं उत्तर मिळालं, तर रूट कॅनाल तज्ज्ञाचं मत घ्या. खर्चाची अडचण असेल तर मुंबई आणि नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे रूट कॅनालचे विभाग आहेत.

उपचार: चीर किती खोल, त्यावर सगळं

पुढच्या दातांवर केसासारख्या उभ्या रेघा दिसतात, त्या फक्त वरच्या इनॅमलमध्ये असतात. दुखत नाहीत, त्यांना हात लावायची गरज नाही. दाढेचा एखादा कोपरा उडाला असेल तर फिलिंग किंवा कॅपने भागतं.

खरा प्रश्न मधल्या अवस्थेचा आहे: दाढ अखंड दिसते, चीर आत उतरली आहे, नस अजून जिवंत आहे. हाड मोडलं तर जुळतं, इनॅमल जुळत नाही, कारण त्यात जिवंत पेशीच नसतात. म्हणून चीर भरून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. दाढेला बाहेरून घट्ट बांधणं हाच इलाज, आणि ते काम कॅप करते. पुष्कळ डॉक्टर आधी तात्पुरती कॅप किंवा धातूची पट्टी बसवून काही आठवडे वाट पाहतात. कळ थांबली तर पक्की कॅप. न थांबली तर आधी रूट कॅनाल, मग कॅप. कॅपनंतरही काही दाढांना पुढे रूट कॅनाल लागतं, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं, की कॅप पुढच्या पगारावर ढकलली जाते. नस काढलेली, आतून कोरलेली दाढ उघडी ठेवली तर ती एखाद्या घासाला उभी चिरते. उपचार न घेता दुखणं आपोआप थांबलं, तरी खूश होऊ नका. नस मेल्यावरही दुखणं थांबतं आणि संसर्ग खाली मुळाशी पसरत राहतो. दाढ पूर्ण दुभंगली किंवा मूळच उभं चिरलं, तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते. मग ब्रिज किंवा इम्प्लांट.

बाकीच्या दाढा सांभाळताना

अख्खी सुपारी, भाजलेले चिंचोके, बर्फ, मटणाची हाडं, संक्रांतीचा हलवा दाताने फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, दोरा तोडणं: कारणं रोजचीच आहेत. चांदीची मोठी जुनी फिलिंग असलेल्या दाढा आधीच कमकुवत असतात, त्या वर्षातून एकदा दाखवा. सकाळी जबडा जड वाटत असेल किंवा शेजारी झोपणारं माणूस ‘रात्री दात करकर खातोस’ म्हणत असेल, तर मापाचा नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, करून घ्या. तो साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. उकळतं पाणी ओतलं तर वाकतो आणि मग दातांवर बसत नाही.