डोंगरातील जमीन ग्राहकाला दाखवण्यापूर्वी

महाबळेश्वर-पाचगणी परिसरात जमिनीचे व्यवहार करणाऱ्या मध्यस्थाने ग्राहकाला दरीचे दृश्य दाखवण्याआधी सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी) आणि गटाचा, म्हणजे त्या क्रमांकाच्या जमिनीचा, नकाशा स्वतः वाचावा. २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्यामुळे तीव्र उतारावरील बांधकामावर कडक निर्बंध आहेत. शेतजमीन असल्यास खरेदीदार शेतकरी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे, कारण १९४८ च्या कुळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय सहसा घेता येत नाही. जागेची पाहणी मात्र भर पावसात एकदा तरी करावीच, कारण मार्चमध्ये निरुपद्रवी वाटणारी कोरडी घळ जुलैत ओढा होऊन वाहते आणि धुक्यात शेजाऱ्याचा बांधही दिसत नाही. पायवाट वहिवाटीची असली, तरी नकाशात रस्ता नसल्यास तसे आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.