टेस्ट फेल झाली, सर्व्हर चालूच राहिला: पायटेस्टमधल्या क्लीनअपच्या या चुका टाळा

पायटेस्ट या पायथॉनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात पहिल्या दोनशे टेस्ट हिरव्या, मग अचानक ओळीने सगळ्या लाल, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा एकच एरर: नव्या कनेक्शनसाठी जागा उरली नाही. अशा वेळी लाल झालेल्या टेस्टचा कोड वाचत बसू नका, तो बहुतेकदा ठीक असतो. मशीनवर टेस्टसाठी सुरू केलेले ॲपचे किती जुने सर्व्हर अजून चालू आहेत ते आधी मोजा. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. प्रत्येक सर्व्हरने ५ कनेक्शन धरून ठेवली असतील, तर १९ बेवारस सर्व्हर पुरतात. विसाव्याला जागा उरत नाही.

हे सर्व्हर मागे राहतात कसे?

टेस्टच्या शेवटच्या ओळीत क्लीनअप (आवराआवर) लिहिला, तर त्याआधीचा असर्ट (अपेक्षा तपासणारी ओळ) फसला की ती ओळ चालतच नाही. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते फिक्स्चर (टेस्टची तयारी आणि नंतरची आवराआवर करणारं फंक्शन) लिहून यील्डनंतर, म्हणजे टेस्ट होऊन गेल्यावर चालणाऱ्या भागात, सर्व्हर बंद करतात. खरी चूक इथेच लपते. टेस्ट फेल झाली तरी यील्डनंतरचा भाग चालतो, पण एक्सेप्शन यील्डच्या आधीच आलं तर चालत नाही. नेहमीचा फिक्स्चर असा असतो: सर्व्हर सुरू करा, हेल्थ चेकची (सर्व्हर तयार झाला का याची तपासणी) ३० सेकंद वाट पाहा, मग यील्ड. हेल्थ चेक फसला की यील्डपर्यंत कोणी पोचत नाही आणि सर्व्हर तसाच राहतो.

उपाय म्हणजे दोन फिक्स्चर करा. पहिला फक्त प्रोसेस सुरू करून लगेच यील्ड करेल. दुसरा पहिल्यावर अवलंबून राहून हेल्थ चेक करेल. दुसरा फसला तरी पायटेस्ट पहिल्याचा टिअरडाउन (यील्डनंतरचा भाग) चालवतोच. एका फिक्स्चरमध्ये एकच रिसोर्स, हा नियम कडक पाळा. त्याने दुसरी अडचणही सुटते: एकाच टिअरडाउनमध्ये डेटा पुसणं आणि कनेक्शन बंद करणं एकापाठोपाठ लिहिलं, तर पुसताना एरर आला की कनेक्शन उघडंच राहतं.

पायथॉनसोबतच येणाऱ्या युनिटटेस्टमध्येही हाच सापळा आहे. सेटअप फसला तर टिअरडाउन बोलावलाच जात नाही. म्हणून रिसोर्स हातात आल्याच्या पुढच्याच ओळीत ॲडक्लीनअप (आवराआवरीचं काम नोंदवणारी मेथड) लावा. तो सेटअप फसल्यावरही चालतो, आणि शेवटी नोंदवलेलं काम आधी करतो.

प्रोसेस बंद करताना

नुसतं टर्मिनेट पुरत नाही. टर्मिनेट (थांबण्याची विनंती), मग १० सेकंदांची वेट, तेवढ्यात थांबली नाही तर किल (सक्तीने बंद), आणि किलनंतर पुन्हा वेट. वेट विसरलात तर लिनक्सवर झोंबी प्रोसेस (संपलेल्या, पण यादीत राहिलेल्या) उरतात. शेल ट्रू ठेवून, म्हणजे कमांड शेलमधून, प्रोसेस सुरू केली असेल, तर टर्मिनेटचा सिग्नल शेलला जातो आणि खालचा सर्व्हर जिवंत राहू शकतो. शेल टाळा किंवा प्रोसेस नव्या सेशनमध्ये सुरू करून पूर्ण ग्रुप मारा. सर्व्हरचा आउटपुट पाइपमध्ये घेऊन वाचलाच नाही, तर लिनक्सवर साधारण ६४ केबी भरले की सर्व्हर लिहिता लिहिता अडकतो आणि दोष टाइमआउटवर जातो. आउटपुट सरळ लॉग फाइलमध्ये पाठवा, फेल झाल्यावर तीच कामी येते.

पुरावा पुसू नका

सेलेनियममध्ये (टेस्टमधून ब्राउझर चालवणारं साधन) क्विट केल्यावर स्क्रीनशॉट मागितला तर सेशनच नसतं. मेकरिपोर्ट हुकमध्ये (निकाल तयार होताना पायटेस्ट बोलावतो ते फंक्शन) टेस्टचा निकाल आयटमवर, म्हणजे त्या टेस्टच्या ऑब्जेक्टवर, साठवा, ब्राउझर फिक्स्चरच्या टिअरडाउनमध्ये तो तपासा, फेल असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि मगच क्विट करा. स्क्रीनशॉट घेणंही फसू शकतं, म्हणून क्विट फायनलीमध्ये (काहीही झालं तरी चालणारा भाग) हवं. क्लोजवर थांबू नका: तो समोरची विंडो बंद करतो, क्रोम चालवणाऱ्या क्रोमड्रायव्हरची प्रोसेस चालूच राहते.

क्लीनअपमधला एरर एक्सेप्ट-पास करून गिळणं ही सर्वांत महाग चूक, कारण गळती महिनोन् महिने कळतच नाही. पायटेस्ट टिअरडाउनची गडबड ‘फेल्ड’ न म्हणता ‘एरर’ म्हणून वेगळी दाखवतो. त्या ओळीही वाचा.

टिअरडाउन चालणारच नाही तेव्हा

सीआयने (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) जॉब सिगकिलने, म्हणजे आवरायला वेळ न देणाऱ्या सिग्नलने, मारला तर कुठलाही टिअरडाउन चालत नाही. वेळ संपल्यावर टेस्ट थांबवणाऱ्या पायटेस्ट-टाइमआउट प्लगइनची थ्रेड पद्धतही पूर्ण प्रोसेस संपवते. लिनक्सवर सिग्नल पद्धत ठेवा. उरलेल्यासाठी वेगळा झाडू लागतो. टेस्ट डेटाबेसच्या नावात ठरावीक उपसर्ग, रन नंबर आणि वेळ घाला, आणि प्रत्येक रनच्या सुरुवातीला सहा तासांहून जुने डेटाबेस काढून टाका. पोस्टग्रेस १३ पासून ड्रॉप डेटाबेसला ‘फोर्स’ हा पर्याय आहे, अडकलेली कनेक्शन तो स्वतः तोडतो. एक्सडिस्टवर (टेस्ट अनेक वर्कर प्रोसेसमध्ये वाटणारा प्लगइन) सेशन फिक्स्चर प्रत्येक वर्करमध्ये वेगळा चालतो, म्हणून नावात वर्करचा आयडीही हवा.

क्लीनअप खरंच चालतो का, हे हिरव्या रनवरून कळत नाही. हेल्थ चेकचा पत्ता मुद्दाम चुकीचा द्या, फिक्स्चर कधी सुरू-बंद होतात ते दाखवणारा सेटअप-शो पर्याय लावून एकच टेस्ट चालवा, आणि रन संपल्यावर प्रोसेसची यादी पाहा. सर्व्हर अजून त्यात दिसला, तर यील्ड उशिरा आहे.