जुनी होडी घेताना इंजिनाची धार बघून फसू नका

उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुणी जुनी होडी घ्यायला निघालं की अख्खं गाव सल्ला देतं. रंग कसा आहे, लांबी किती, तळ घासलाय का, सगळे होडीबद्दलच बोलतात. इंजिनाबद्दल मात्र एकच वाक्य असतं: "दोरी ओढून बघ, चालू झालं आणि धार पडली की घेऊन टाक." धार म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या पाण्यातली जी मागून बाहेर पडते ती. या सल्ल्यानं लोकांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत, माझेही बुडालेत. करमाळ्याच्या बाजूला पाण्याच्या कडेला राहून मी आजवर चार जुन्या होड्या आणि सहा जुनी इंजिनं घेतली आणि वापरली. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो.

आधी होडी

फायबरची होडी पालथी करायला लावा आणि रुपयाच्या नाण्यानं तळ ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथं थर सुटलेत. लहान भोक, ओरखडा, कडेचा तडा याला घाबरू नका, मॅट, म्हणजे फायबरचं कापड, आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारी राळ, यांनी ते एका दिवसात भरून निघतं.

मागचा फळा, म्हणजे इंजिन ज्याच्यावर अडकवतात तो, नीट बघा. बाहेरून फायबर दिसलं तरी आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजतं. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा पंख्याकडचा खालचा भाग, धरून वर-खाली जोर द्या. फळा लवला तर तो गेलाय. शंका उरली तर आतल्या बाजूनं, खालच्या अंगाला ५ मिलिमीटरचं एक भोक पाडायची परवानगी मागा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर घ्या, काळपट आणि ओला आला तर नवीन फळ्याचा खर्च किमतीतून वजा करा. भोक नंतर रेझिननं बुजवता येतं. जो मालक भोक पाडू देत नाही त्याची होडी घेऊ नका.

फळ्याची उंची टेपनं मोजा. लहान इंजिनांचे पाय साधारण १५ किंवा २० इंची येतात आणि फळा त्याच मापाचा लागतो. आखूड फळ्यावर लांब पाय लावला तर तो पाण्यात ओढ घेतो. उंच फळ्यावर आखूड पाय लावला तर पंखा हवा खातो आणि होडी नुसती गुरगुरते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यायला हवी.

इंजिनावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघा. नंबर घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा.

आता इंजिन

इथं मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं पहिलं इंजिन कोकणपट्टीतून आलं होतं. १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. रंग नवा, झाकणाखाली सगळं पुसून लख्ख. एका झटक्यात चालू झालं आणि मागून बोटाएवढी जाड धार पडायला लागली. मी खूश. दोन महिने उत्तम चाललं. मग एका पहाटे जाळी उचलून येताना, पाण्याच्या मधोमध, आवाज बदलला. आधी पत्र्यावर खडे पडल्यासारखा टणटण आवाज आला, मग इंजिन जड झालं आणि बंद पडलं. दोरी ओढली तर हलेना. वल्हं मारत काठाला यायला पावणेदोन तास लागले. शेवटच्या क्षणापर्यंत धार चालू होती, हे मला कळेचना.

मिस्त्रीनं हेड, म्हणजे सिलिंडरांवर घट्ट बसवलेलं धातूचं झाकण, उघडलं तेव्हा कळलं. वरच्या सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या ज्या वाटा असतात त्या करड्या-पांढऱ्या थरानं बुजलेल्या. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तर चुन्यासारखे खडे खाली पडले. पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं. कित्येक वर्षं खाऱ्या पाण्यात चालून आणि नंतर गोड्या पाण्यानं न धुता ठेवून तो थर साचला होता.

म्हणून हे लक्षात ठेवा: धार पडते याचा अर्थ खालचा पंप पाणी वर ढकलतोय, एवढाच. बऱ्याच इंजिनांत धारेची नळी हेडच्या आधीच फुटते. हेड कितीही तापलं तरी धार आपली पडतच राहते. धार बारीक किंवा बंद असेल तर कुठंतरी अडथळा किंवा बिघाड आहे, पण धार जोरात आहे म्हणून ते चांगलं आहे असं अजिबात नाही.

दुसरा चुकीचा सल्ला असा की गोड्या पाण्यात महिनाभर चालवलं की मीठ आपोआप धुऊन जातं. गोड्या पाण्यात मिठाचा नवा थर बसत नाही, हे खरं. पण गंज आणि मीठ मिळून घट्ट झालेला जुना थर नुसत्या पाण्यानं निघत नाही. तो हेड उघडून खरवडून काढावा लागतो.

जुनं इंजिन बघायला गेलो की मी काय करतो ते सांगतो. न कळवता लवकर पोचतो आणि पहिल्यांदा झाकण काढून हेडला हात लावतो. गरम असेल तर चहा घेतो, गप्पा मारतो आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबतो. गरम इंजिन कुणाच्याही हातानं चालू होतं. थंड इंजिन किती झटक्यांत चालू होतं ते बघायचं असतं.

मग दोन्ही प्लग काढून उजेडात धरतो. तपकिरी असतील तर बरं. टोकावर चांदीसारखे बारीक कण दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय, तिथं विषय संपला. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावतो. हे गेज गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं, स्वतःचं घ्या, विकणाऱ्याचं वापरू नका. प्लगच्या वायरी लोखंडाला टेकवून ठेवा, थ्रॉटल, म्हणजे रेस, पूर्ण उघडा आणि पाच-सहा वेळा जोरात दोरी ओढा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, त्यामुळे दोन सिलिंडरांत किती फरक आहे तो बघा. एकात १२० आणि दुसऱ्यात ११५ असेल तर ठीक. एकात १२० आणि दुसऱ्यात ९५ असेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी महाग पडेल.

यानंतर हेडवरचं थर्मोस्टॅटचं, म्हणजे थंड करणारं पाणी किती फिरेल ते ठरवणाऱ्या झडपेचं, छोटं झाकण उघडायला सांगतो. लोक इथं कंटाळा करतात आणि इथंच फसतात. बोल्ट सहज सुटले आणि आतलं धातू दिसलं तर इंजिनाची निगा राखलीय. बोल्ट हलेनात, किंवा झाकणाखाली पांढरा भुगा निघाला, तर आतल्या वाटांतही तेच आहे असं धरून चाला. त्या मॉडेलचं नवीन गॅस्केट, म्हणजे झाकणाखाली गळती थांबवणारी चकती, मी खिशात घेऊन जातो, म्हणजे "उघडलं तर गळेल" ही सबब उरत नाही.

शेवटी पाण्यात उतरा. ड्रममध्ये इंजिन चालवून दाखवलं तर ते धरू नका, तिथं त्याच्यावर भारच नसतो. होडीला लावून, दोन माणसं बसवून, पाऊण थ्रॉटलवर वीस मिनिटं पळवा. परत येऊन झाकण काढा आणि बोटानं पाण्याचा एकेक थेंब दोन्ही सिलिंडरांच्या हेडवर टाका. थेंब नुसता ओघळला तर ठीक. चुर्र करून उडाला तर तिथं पाणी पोचत नाहीये. दोन्ही हेडवर थेंब वेगवेगळा वागला तरी तोच अर्थ.

पायातलं गिअर ऑईल चमचाभर काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी, गेलंय. सील बदलणं मोठं काम नाही, फक्त भाव कमी करून घ्या.

घेतल्यावर

जुनं इंजिन घरी आणलं की पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, काही न विचारता बदलून टाका, मग दर वर्षी बदला. आपल्याकडे पाण्यात गाळ जास्त, तो रबर खातो. कोरड्या जमिनीवर "नुसतं चालू होतंय का" म्हणून इंजिन सुरू करणाऱ्याचा हात धरा. काही सेकंदांतही इम्पेलरची पाती जळतात.

टू-स्ट्रोकमध्ये मोटारसायकलचं तेल घालू नका. आऊटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे अडकवायच्या अशा इंजिनाचं, तेल वेगळं असतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलं बघून घ्या. पन्नासाला एक प्रमाण असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली. अंदाजानं ओतू नका, मापाची बाटली ठेवा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. अर्धी टाकी महिनाभर पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाशी बसू शकतं आणि मग तेच आधी कार्बोरेटरमध्ये जातं. आठवड्याला लागेल तेवढंच पेट्रोल आणा. पंधरा दिवस होडी काढणार नसाल तर पाण्यात असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. जुन्या काळ्या रबरी नळ्या इथेनॉलनं फुगतात, त्या घेतल्याबरोबर बदला.

दर महिन्याला पंखा काढा. मागं दांड्यावर तंगूस गुंडाळलेला सापडतोच. जाळ्याचे तुकडे तिथं अडकतात आणि सील कापतात. तंगूस काढून दांड्याला ग्रीस लावा आणि पंखा परत बसवा. जलपर्णीत शिरलात आणि धार बारीक झाली तर लगेच इंजिन बंद करा, पाय वर घ्या आणि पाणी ओढायची जाळी हातानं साफ करा. रिव्हर्स मारून सुटायचा प्रयत्न करू नका.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी वेगळं वागतं. धरणात ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. एप्रिल-मेमध्ये धरण उणेमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेलं की जुन्या बाभळींचे खुंट, शेतांचे बांध, विहिरींचे कठडे पाण्याखाली हातभरावर येतात. तेव्हा पाय खाली अडकवून ठेवणारी खुंटी सोडवून ठेवा, म्हणजे धक्का बसला की इंजिन वर उचलेल. ज्या इंजिनाच्या पंख्यात शिअर पिन, म्हणजे धक्का बसला की स्वतः तुटून गिअर वाचवणारी पिन, असते त्याच्या चार पिना आणि पक्कड होडीतच ठेवा. पिनेच्या जागी खिळा ठोकू नका. पिन तुटली नाही तर गिअर तुटतं.

याच दिवसांत वळवाचा वारा येतो. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. होडीत जितकी माणसं तितकी लाईफ जॅकेट आणि ती अंगात घातलेली. पश्चिमेला आभाळ काळं दिसलं की जाळी पाण्यात राहू द्या आणि काठ गाठा.

आणि एक कायमच्या शाईचा पेन घेऊन इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इम्पेलर, गिअर ऑईल आणि प्लग बदलल्याच्या तारखा लिहीत जा. वही काठावर विसरते, झाकण कायम सोबत असतं, आणि उद्या इंजिन विकायला काढलंत तर घेणाऱ्याला दाखवायला हेच उपयोगी पडतं.