खान्देशातील विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय आरोग्य संघटनांच्या कामात सहभागी कसे व्हावे

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संघटनांमध्ये काम करणे ही मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांची मक्तेदारी आहे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो सोडायचा तर सभासदत्वाचा अर्ज भरण्याआधी एक लहान, नीट नोंदवलेले स्थानिक काम हाती असावे. ते नसेल, तर जागतिक बैठकीत आपल्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही आणि सारा सहभाग प्रमाणपत्रापुरता राहतो. अशी प्रमाणपत्रे गोळा करणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात सापडतात.

काम निवडताना १९८६ सालचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या ओटावा (कॅनडा) येथील परिषदेत मांडलेला ओटावा जाहीरनामा जवळ ठेवावा. आरोग्य संवर्धनासाठी त्यात पाच दिशा सांगितल्या आहेत: आरोग्यपूरक सार्वजनिक धोरण, पोषक परिसर, लोकसमूहाची कृती, व्यक्तिगत कौशल्ये आणि आरोग्यसेवांची नवी मांडणी. आपल्याकडील बहुतेक उपक्रम, म्हणजे रॅली, भित्तिपत्रक स्पर्धा आणि व्याख्याने, चौथ्या दिशेतच अडकतात. जळगावच्या उन्हाळ्यात केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराला 'भरपूर पाणी प्या' असे सांगणारे पत्रक देणे सोपे आहे. पण कामाची वेळ पहाटे सुरू व्हावी, बांधावर सावली आणि पिण्याचे पाणी असावे, यासाठी शेतमालक, मुकादम आणि ग्रामपंचायत यांच्याशी बोलणी करणे हे खरे आरोग्य संवर्धन होय, आणि उष्णतेचा प्रश्न सोसणाऱ्या इतर देशांतील विद्यार्थ्यांनाही त्याच अनुभवात रस असतो.

सातपुड्यात काम करायचे असेल, तर आधी तेथील वर्षचक्र समजून घ्यावे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर ऊसतोडीसाठी किंवा इतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास परततात; त्यामुळे जानेवारीत पाड्यावर जाऊन पोषणाची पाहणी केली, तर नेमकी ज्यांची पाहणी हवी तीच मुले तेथे नसतात. हे आशाताई आणि अंगणवाडी सेविका पहिल्याच भेटीत सांगतात, म्हणून कामाचा आराखडा त्यांच्यासोबत बसूनच करावा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासारख्या विषयात यश लाभते ते विश्वासाच्या संवादाने, आणि तो पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाखेरीज होत नाही. १९ जून या जागतिक सिकलसेल दिनाला जोडून केलेला कार्यक्रमही, तपासणीनंतर समुपदेशन कोण करणार हे आधी ठरले असेल, तरच घ्यावा.

संघटनेची निवड आपल्या अभ्यासशाखेनुसार करावी. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी १९५१ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय विद्यार्थी महासंघ आहे. त्यात वैयक्तिक प्रवेश नसून भारतातील सदस्य संघटनेमार्फत आणि महाविद्यालयातील स्थानिक शाखेमार्फत जावे लागते, त्यामुळे शाखा नसेल तर ती सुरू करणे हेच पहिले काम ठरते. फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा असाच महासंघ १९४९ पासून आहे. नर्सिंग, समाजकार्य, पोषणशास्त्र, अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला आरोग्य संवर्धन व शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाचे, म्हणजे आययूएचपीईचे, विद्यार्थी आणि नवोदितांसाठीचे नेटवर्क सोयीचे पडते. मात्र सभासद शुल्क आणि विद्यार्थ्यांची सवलत आधी पाहून घ्यावी. डिसेंबर २००० मध्ये बांगलादेशातील सावर येथे उभी राहिलेली लोक आरोग्य चळवळ भारतात जन स्वास्थ्य अभियान या नावाने काम करते. धोरण आणि हक्क यांकडे ओढा असणाऱ्यांनी या चळवळीकडे वळावे. दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवून कुठेच न दिसण्यापेक्षा एकाच संघटनेतील एक कार्यगट धरावा आणि त्यात इतिवृत्त लिहिणे, भाषांतर करणे अशी कोणी सहसा न घेणारी कामे मागून घ्यावीत. ओळख अशा कामांतून लवकर होते.

मध्य युरोपातील दुपारी चारची बैठक आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेसातला सुरू होते, हे वसतिगृहाच्या वेळापत्रकात बसवावे. इंग्रजीचा संकोच असेल, तर मुद्दे आधी लिहून पाठवावेत. तिथले निम्मे लोकही इंग्रजी शिकूनच आलेले असतात. परदेशातील साहित्य मराठीत किंवा अहिराणीत आणले, तर ते छापण्याआधी गावातील एखाद्या मावशींना वाचून दाखवावे.

परवानगीच्या बाबतीत घाई करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, आणि माहिती संशोधनासाठी वापरायची असेल, तर ती गोळा करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. ती नंतर मिळत नाही. कुपोषित मुलांची छायाचित्रे आंतरराष्ट्रीय सादरीकरणात लावण्याची सवय तर पालकांची संमती असली तरी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाच्या व्यवहारात दोन गोष्टी पाळाव्यात. परदेशातून येणारा निधी विद्यार्थी गटाच्या किंवा कोणा एकाच्या खात्यावर परस्पर घेऊ नये, कारण २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार त्यासाठी संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शिवाय शुल्क भरताच निवड झाल्याचे कळवणाऱ्या 'जागतिक परिषदां'पासून दूर राहावे. जागतिक आरोग्य संघटना भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, तेव्हा तिच्या नावाने पैसे मागणारा संदेश खोटा समजावा. आययूएचपीईची जागतिक परिषद साधारणतः दर तीन वर्षांनी होते आणि तिच्यासाठी गोषवारे बरेच महिने आधी मागवले जातात, म्हणून द्वितीय वर्षात सुरू केलेल्या कामाची नोंदवही, परवानगीची पत्रे आणि संघटनेशी झालेला पत्रव्यवहार विभागाच्या ईमेलवर ठेवावा आणि अंतिम वर्षाच्या परीक्षेआधी तो पुढील तुकडीतील दोघांच्या स्वाधीन करावा.