स्क्रोल सॉ: ब्लेड तुटतं, काप तिरका जातो, तेव्हा काय तपासायचं

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेड वरखाली हलवून लाकडात जाळी-नक्षी कापणाऱ्या मशीनवर, ब्लेड सारखं तुटतंय किंवा जाळीची कड तिरकी येतेय म्हणून ब्लेडचा नवा पुडा आणण्याआधी मशीन तपासा. दोष बहुतेक वेळा क्लॅम्प, ताण किंवा टेबलात निघतो. हात घालण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सुरुवात क्लॅम्पपासून, म्हणजे ब्लेडची टोकं धरणाऱ्या पकडीपासून. नव्या ब्लेडला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, त्यामुळे बिनपिनेचं (टोकांना आडवी पिन नसलेलं, नुसत्या पकडीवर राहणारं) ब्लेड निसटतं. दोन्ही टोकं स्पिरिटने पुसा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासा. क्लॅम्पच्या स्क्रूचं टोक वापरून गुळगुळीत होतं, तेही त्याच पेपरने खरवडा. तरीही निसटत असेल तर स्क्रू बदला. पक्कड लावून आवळलं की आटे जातात आणि मग अख्खा क्लॅम्प बदलावा लागतो. दात खाली तोंड करून हवेत. रिव्हर्स दातांच्या (तळाचे काही दात वर तोंड करून असलेल्या) ब्लेडमध्ये मशीनचा हात, म्हणजे ब्लेड वरखाली नेणारा दांडा, सर्वांत वर असताना तळाचे दोन-तीन उलटे दातच टेबलाच्या वर दिसावेत.

ताण बोटाने कळतो. ब्लेड मधोमध बाजूला दाबलं तर साधारण ३ मिमी हलावं, छेडलं तर स्वच्छ, उंच सूर यावा. ढिलं ब्लेड वळणावर वाकतं, कड मधे फुगते आणि तेही तुटतं. तेव्हा तुटलं म्हणजे ताण जास्तच होता असं धरू नका. तुकडा क्लॅम्पपाशी पडला तर तिथे ब्लेड वाकडं बसलं होतं.

आता टेबल. कोनाच्या पट्टीवरच्या शून्यावर विसंबू नका. लहान गुण्या ब्लेडला लावून बघा, मग खात्री करा: ४ सेंमी जाड ठोकळ्याला समोरून १-२ मिमी खाच पाडा, मशीन थांबवा, ठोकळा टेबलावर सपाटच ठेवून अर्धा फिरवा आणि खाच ब्लेडच्या पाठीला लावा. पाठ अलगद आत बसली तर टेबल काटकोनात आहे. नाही बसली तर दिसणारा फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. टेबल त्याच्या निम्मंच हलवा. शेवटी कोनाच्या पट्टीचा काटा शून्यावर आणा.

एवढं करूनही ब्लेड रेघ सोडून एका बाजूला ओढत असेल तर मशीनचा दोष नाही. ठोकून काढलेल्या दातांना एका बाजूला बर (धातूची बारीक खरबरीत कड) राहते, त्या बाजूला ब्लेड जास्त कापतं. लाकूड किंचित तिरकं धरून ढकला.

तेलाचं काम सोपं, पण वेळ खातं. सांध्यात बुश (बेअरिंगऐवजी साधी धातूची नळी) असलेल्या मशीनला साधारण ५० तासांनी, किंवा कुरकुर ऐकू आली की लगेच, वंगण द्या. मशीन आडवं करा, मशीनच्या हाताच्या सांध्यात एसएई २० (तेलाच्या दाटपणाचा नंबर) तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग दुसऱ्या बाजूने तेच. सीलबंद बेअरिंग असेल तर तेल घालू नका. ब्रश असलेल्या मोटरचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे) ६ मिमीपेक्षा कमी उरले की जोडीनेच बदला.

टेबलाला मेण चोळून पुसा, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको, लाकडाला लागला तर पॉलिश धरत नाही. भुसा उडवणाऱ्या नळीतून वारा येईनासा झाला तर आधी तिला चीर गेलीय का ते बघा.